सर्व्हरमधली डिस्क आणि रेड कार्ड कमांडने कसं ओळखायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्याकडचा सर्व्हर काचेच्या थंडगार खोलीत क्वचितच असतो. तो अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या युनिटमध्ये हिशेबनिसाच्या टेबलाखाली असतो, होटगी रोडवरच्या दवाखान्यात एक्सरेच्या खोलीला लागून असतो, नाहीतर नवी पेठेतल्या पतसंस्थेच्या माळ्यावर. ज्याने बसवला तो पोरगा आता पुण्याला असतो, बिल सापडत नाही आणि आत काय भरलंय ते कुणालाच ठाऊक नसतं. मग एका रात्री फोन येतो, “सर्व्हर बोंबलूलालाय ओ, काय करू?” ही प्रश्नोत्तरं तसल्या फोनांतूनच जमत गेली. रेड म्हणजे अनेक डिस्क अशा एकत्र बांधणं की सहसा एखादी गेली तरी डेटा राहतो, आणि रेड कार्ड म्हणजे ते बांधकाम सांभाळणारं कार्ड.

म्हणून कमांडही फोनवर सांगतो तशाच लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी अक्षरं, सगळी स्मॉल. कॅपिटल लागेल तिथे तसं म्हटलंय. ‘डॅश’ म्हणजे आडवी रेघ, ‘डबल डॅश’ म्हणजे तीच रेघ सलग दोनदा. जवळजवळ प्रत्येक कमांडला रूटचे (मशीनच्या मुख्य यूजरचे) अधिकार लागतात, त्यामुळे आधी ‘सुडो’. उदाहरणं लिनक्सची आहेत. विंडोजवाल्यांसाठी शेवटाकडे थोडं आहे.

खोका उघडून बघितलं तर कळत नाही का? कमांड कशाला?

कळतं, पण त्यासाठी सर्व्हर बंद करावा लागतो. आणि जुना सर्व्हर एकदा थंड झाला की त्यातली कुरकुरणारी डिस्क परत फिरेलच याची खात्री नसते. आधी चालू सर्व्हरला विचारून घ्यावं. खाली दिलेल्या विचारण्याच्या कमांड नुसतं वाचतात, काही बदलत नाहीत. जिथे बदलतात तिथे इशारा दिला आहे.

पहिली कमांड कोणती?

‘एलएसबीएलके’. नुसती मारली की डिस्क, त्यांची पार्टिशन (डिस्कचे पाडलेले भाग) आणि ती कुठे माउंट आहेत, म्हणजे कुठल्या फोल्डराला जोडली आहेत, ते झाडासारखं दिसतं. मी मात्र पार्टिशन गाळून मागतो:

एलएसबीएलके डॅश डी डॅश ओ नेम, साइझ, मॉडेल, सीरियल, रोटा, ट्रॅन

डॅश ओ नंतरची नावं स्वल्पविरामाने जोडायची, मध्ये स्पेस नको. ‘ट्रॅन’च्या रकान्यात जोडणी कळते: साटा, सॅस, एनव्हीएमई की यूएसबी. ‘रोटा’त १ म्हणजे फिरणारी डिस्क, ० म्हणजे एसएसडी. पण रेड कार्डाच्या मागे असलेल्या एसएसडीलासुद्धा हा रकाना सर्रास १ म्हणतो. तिथे त्याच्यावर विसंबू नका.

आम्ही चार डिस्कचे पैसे दिलेत. इथे एकच दिसते. बाकीच्या चोरीला गेल्या का?

नाही हो. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा आला आहे, आणि एका ठिकाणी तर पुरवठादाराशी भांडण होऊन बसलं होतं. हार्डवेअर रेड कार्ड असेल तर ते खऱ्या डिस्क आपल्या पदराखाली घेतं आणि ऑपरेटिंग सिस्टिमला एकच मोठी, बनवलेली डिस्क दाखवतं. मॉडेलच्या रकान्यात सीगेट किंवा तोशिबा न येता ‘पर्क एच७३० मिनी’, ‘एमआर९३६१-८आय’ किंवा नुसतं ‘लॉजिकल व्हॉल्यूम’ असं आलं तर समजा की तुम्ही डिस्क बघत नाही, कार्डाने धरलेला पडदा बघताय. पहिलं डेलचं, दुसरं एलएसआयचं, तिसरं एचपीचं.

आकारावरूनही अंदाज येतो. ४ टीबीच्या तीन डिस्कचा रेड ५ असेल तर ७.३टी दिसतं, कारण एका डिस्कइतकी जागा पॅरिटीत, म्हणजे गेलेल्या डिस्कचा डेटा परत उभा करायच्या हिशेबात जाते.

४ टीबीची डिस्क ३.६ दाखवते, तीही फसवणूकच का?

बनवणारा टीबी १,००० च्या पटीत मोजतो, कमांड १,०२४ च्या. डिस्क तीच आहे.

कार्ड कुठलं आहे ते कसं कळणार?

‘एलएसपीसीआय डॅश एनएन डॅश के’. यादी लांब येते, त्यात ‘रेड बस कंट्रोलर’, ‘सिरियल अटॅच्ड एससीएसआय’, ‘साटा कंट्रोलर’ किंवा ‘नॉन-व्होलाटाइल मेमरी’ हे शब्द असलेल्या ओळी शोधा. डॅश एनएनमुळे शेवटी चौकटी कंसात उत्पादकाचा आणि चिपचा आकडा येतो. तिथे १००० असेल तर एलएसआयची चिप, ९००५ असेल तर अडॅप्टेकची.

खरी कामाची ओळ मात्र डॅश केमुळे खाली येते: ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’. फोनवर मला तेवढी एक ओळ वाचून दाखवली तरी पुरते. ‘मेगारेड अंडरस्कोर सॅस’ म्हणजे एलएसआय घराण्याचं रेड कार्ड. डेलची बहुतेक पर्क कार्डं यातच येतात. ‘एमपीटी३सॅस’ म्हणजे त्याच घराण्याचं साधं एचबीए, नुसतं डिस्क जोडायचं कार्ड. ते सहसा डिस्क जशाच्या तशा पुढे देतं, पडदा नाही. ‘एचपीएसए’ म्हणजे एचपीचं स्मार्ट अ‍ॅरे, साधारण जेन८ आणि जेन९ पिढीतलं. जेन१० पासून ‘स्मार्टपीक्यूआय’ दिसतो. ‘एएसीरेड’ म्हणजे अडॅप्टेक. आणि नुसतं ‘एएचसीआय’ आलं तर कार्डच नाही, डिस्क मदरबोर्डाच्या साटा पोर्टला लावल्या आहेत.

कार्डावर डेलचा शिक्का, कमांड म्हणते एलएसआय, आणि टूल ब्रॉडकॉमच्या साइटवर. नक्की कुणाचं आहे?

तिघांचंही. चिप एलएसआयची, शिक्का डेलचा. एलएसआय २०१४ मध्ये अवागोने घेतली, अवागोने २०१६ मध्ये ब्रॉडकॉम विकत घेऊन नावही तेच लावलं. त्यामुळे एकाच वंशाची कार्डं तीन आडनावांनी फिरतात. अडॅप्टेकचंही तेच: पीएमसी-सिएरा, मग मायक्रोसेमी, मग मायक्रोचिप. चादर एकाच मागावर विणलेली, लेबलं दुकानागणिक वेगळी. आपल्याला हे नवीन नाही.

पडद्यामागच्या खऱ्या डिस्क बघायच्या कशा?

कार्डाशी त्याच्याच भाषेत बोलणारं टूल लागतं. एलएसआय आणि ब्रॉडकॉमला ‘स्टोरसीएलआय’, डेलला ‘पर्कसीएलआय’. दोघांची बोली एकच आहे, नाव तेवढं बदलायचं. एचपीला ‘एसएसएसीएलआय’, जुन्या मशीनवर तेच टूल ‘एचपीएसएसएसीएलआय’ किंवा त्याहून आधीच्या ‘एचपीएसीयूसीएलआय’ नावाने सापडेल. अडॅप्टेकला ‘आर्ककॉन्फ’.

टूल बसवूनही ‘कमांड नॉट फाउंड’ येतं, हा हमखास फोन. स्टोरसीएलआय आणि पर्कसीएलआय ऑप्ट फोल्डरात मेगारेड नावाच्या फोल्डरात जाऊन बसतात. त्या नावात एम कॅपिटल, आर-ए-आय-डी ही चारही कॅपिटल. प्रोग्रॅमच्या नावाला शेवटी ६४ जोडलेलं असतं. पूर्ण मार्ग टाइप करा, चालेल.

मग ही कमांड:

स्टोरसीएलआय६४ स्लॅश सी० स्लॅश ईऑल स्लॅश एसऑल शो

सी० म्हणजे पहिलं कार्ड, ईऑल म्हणजे सगळे एन्क्लोजर (डिस्कची पेटी), एसऑल म्हणजे सगळे स्लॉट (पेटीतली एकेका डिस्कची जागा). एकामागोमाग लिहायचं, शोच्या आधी एक स्पेस. जो तक्ता येतो त्यातला पहिला रकाना ३२:३ असा दिसेल. ३२ हा एन्क्लोजर, ३ हा स्लॉट. डेलमध्ये ३२ वारंवार दिसतो. एलएसआयच्या कार्डाला डिस्क थेट जोडल्या असतील तर २५२. दुसरा रकाना डीआयडी, कार्डाने डिस्कला दिलेला आकडा. तो कागदावर उतरवून ठेवा, पुढे लागणार आहे.

तिसरा रकाना अवस्थेचा, सगळा जीव त्यात. ‘ओएनएलएन’ म्हणजे कामावर हजर. ‘आरबीएलडी’ म्हणजे रिबिल्ड, बाकीच्या डिस्कवरून तिच्यावर डेटा परत भरणं, सुरू आहे. हात लावू नका. ‘यूगुड’ म्हणजे डिस्क चांगली आहे पण कुठल्याच रेडमध्ये नाही. ‘यूबॅड’ म्हणजे कार्डाने तिला वाळीत टाकलंय. ‘जीएचएस’ आणि ‘डीएचएस’ या राखीव डिस्क. स्लॅश सी० स्लॅश व्हीऑल शो (इथे आणि पुढेही ‘स्लॅश सी०’च्या आधी स्टोरसीएलआय६४ आहेच) म्हटलं की बनवलेल्या डिस्कची तब्येत कळते: ‘ओपीटीएल’ ठणठणीत, ‘डीजीआरडी’ म्हणजे एक पाय गेलाय.

तक्त्यात सीरियल नंबर नसतो. त्यासाठी एकाच डिस्कला विचारायचं: स्लॅश सी० स्लॅश ई३२ स्लॅश एस३ शो ऑल. त्यात ‘एसएन’ हा सीरियल, आणि ‘मीडिया एरर काउंट’ व ‘प्रेडिक्टिव्ह फेल्युअर काउंट’ हे दोन आकडे शून्य आहेत का ते बघा. शून्य नसतील तर नव्या डिस्कच्या कोटेशनसाठी फोन लावा.

एचपीवर हेच सगळं: ‘एसएसएसीएलआय सीटीआरएल ऑल शो कॉन्फिग’. सगळे सीरियल हवे असतील तर ‘एसएसएसीएलआय सीटीआरएल स्लॉट=० पीडी ऑल शो डिटेल’.

तक्त्यात ‘एफआरजीएन’ किंवा बूट होताना ‘फॉरेन कॉन्फिगरेशन’ आलं. क्लिअर करू का?

नको! फॉरेन म्हणजे डिस्कवर रेडची खूण आहे, पण या कार्डाच्या वहीत ती नोंद नाही. क्लिअर केलं की डिस्कवरची ती खूण पुसली जाते. आधी सीरियल जुळवा, डिस्क कुठून आली ते विचारा, मग इम्पोर्ट करायचं, म्हणजे ती नोंद या कार्डाच्या वहीत घ्यायची का ते ठरवा. ‘इनिशियलाइझ’ या शब्दालाही तितकंच घाबरा.

इंटरनेट नाही, टूल उतरवता येत नाही. दुसरा मार्ग?

‘स्मार्टसीटीएल’ बहुतेक ठिकाणी आधीच असतं, स्मार्टमॉनटूल्स या पॅकेजात येतं. ‘स्मार्टसीटीएल डबल डॅश स्कॅन’ मारलं की कार्डामागच्या डिस्कही यादीत येतात, ‘मेगारेड,८’ अशा नावाने. तो ८ म्हणजे वरचा डीआयडी. मग:

स्मार्टसीटीएल डॅश ए डॅश डी मेगारेड,८ स्लॅश डेव्ह स्लॅश एसडीए

खऱ्या डिस्कचं मॉडेल, सीरियल, किती तास चालली, सगळं समोर येतं. एचपीएसए ड्रायव्हर असेल तर मेगारेडच्या जागी ‘सीसीआयएसएस,०’ म्हणायचं आणि आकडा वाढवत जायचं. साटा डिस्कमध्ये ५, १९७ आणि १९८ क्रमांकाच्या ओळी बघा: बदललेले, लटकलेले आणि न वाचता येणारे सेक्टर (डिस्कवरचे बारीक कप्पे). १९९ वाढत असेल तर आधी केबलवर संशय घ्या, डिस्कवर नाही. १९४ तापमान. मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असताना आणि पंख्याच्या जाळीत कापसाची धूळ बसलेली असताना हा आकडा ५५ च्या पुढे गेलेला मी पाहिलाय. बहुतेक डिस्कची वरची मर्यादा ६० च्या आसपास असते. सॅस डिस्कवर हे क्रमांक नसतात, तिथे ‘ग्रोन डिफेक्ट लिस्ट’ची ओळ वाचा.

कार्डच नाही, तरी इंजिनिअर म्हणाला होता रेड आहे. खोटं बोलला का?

बहुधा खरं बोलला. लिनक्स स्वतःच रेड बांधू शकतो. ‘कॅट स्लॅश प्रॉक स्लॅश एमडीस्टॅट’ बघा. एमडी० किंवा एमडी१२७ अशी ओळ आली तर सॉफ्टवेअर रेड आहे. चौकटी कंसात दोन यू म्हणजे दोन्ही डिस्क हजर. यू आणि पुढे अंडरस्कोर म्हणजे एक गैरहजर. त्या कंसातला क्रम एसडीए, एसडीबी असा असेलच असं धरून चालू नका. ‘एमडीएडीएम डबल डॅश डिटेल स्लॅश डेव्ह स्लॅश एमडी०’ मध्ये कोण कुठे बसलंय ते नावानिशी येतं.

तिसरा प्रकार मदरबोर्डातल्या इंटेलच्या रेडचा. बायोसमध्ये रेड म्हणून दिसतो, प्रत्यक्षात काम प्रोसेसर करतो, आणि लिनक्समध्ये तो एमडीएडीएमच सांभाळतो. डिटेलमध्ये ‘आयएमएसएम’ शब्द आला की ओळखा. याला कार्ड समजून स्टोरसीएलआय शोधत बसलेले लोक मला दरवर्षी भेटतात.

नेमकी कुठली डिस्क उपसायची?

इथे घाई करायची नाही. एसडीबी हे डिस्कचं नाव नाही, त्या बूटपुरतं दिलेलं टोकन आहे; पुढच्या वेळी सर्व्हर चालू केला की टोकन बदलू शकतं. लाल दिव्यावरही एकट्यावर विश्वास नको. डिस्कचं खरं नाव एकच, तिच्या स्टिकरवरचा सीरियल नंबर.

एमआयडीसीतल्या एका टॉवेल युनिटमध्ये रेड ५ मधली स्लॉट २ ची डिस्क गेली होती. मी फोनवर म्हटलं, दोन नंबरची काढा. कुणीतरी कधीकाळी ट्रेवर कागदी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, १ पासून. सर्व्हर मात्र ० पासून मोजतो. दोनची चिठ्ठी लावलेली, म्हणजे खरी स्लॉट १ ची, अगदी धडधाकट डिस्क बाहेर आली आणि रेड बसला. मागे लूमचा खडखडाट, कुणी तेलुगूत ओरडतंय, कुणी मराठीत, आणि मी इकडे जुळे सोलापुरात घामाघूम. डिस्क परत त्याच जागी घातली तर ती फॉरेन म्हणून आली. इम्पोर्ट केल्यावर निर्यातीच्या ऑर्डरी दिसल्या. नशीब म्हणायचं. चूक त्यांची नव्हती, माझी होती. मी सीरियल विचारला नाही.

तेव्हापासून क्रम असा. टूलमधून बिघडलेल्या डिस्कचा स्लॉट आणि सीरियल काढायचा. मग दिवा लुकलुकवायचा: स्लॅश सी० स्लॅश ई३२ स्लॅश एस२ स्टार्ट लोकेट. समोरच्या माणसाला विचारायचं, कुठला लुकलुकतोय? स्टॉप लोकेट, थांबला का? पुन्हा स्टार्ट. एचपीवर ‘एसएसएसीएलआय सीटीआरएल स्लॉट=० पीडी १आय:१:३ मॉडिफाय एलईडी=ऑन’, त्यातला आय कॅपिटल. साध्या एचबीएवर ‘एलईडीसीटीएल लोकेट=’ आणि पुढे डिस्कचा मार्ग. ट्रे बाहेर आला की स्टिकरवरच्या सीरियलचे शेवटचे चार आकडे वाचून दाखवायचे. जुळले तरच नवी आत.

सॉफ्टवेअर रेड असेल तर उपसण्याआधी एमडीएडीएमला ‘डबल डॅश फेल’ आणि ‘डबल डॅश रिमूव्ह’ सांगावं लागतं. हे बदल करतात. इथे सीरियल बघायला ‘एलएस डॅश एल स्लॅश डेव्ह स्लॅश डिस्क स्लॅश बाय-आयडी’ उत्तम. मॉडेल आणि सीरियल जोडून नाव येतं, पुढे बाण करून आजचं टोकन. आणि डब्याला समोरून ट्रेच नसतील, केबलने डिस्क जोडल्या असतील, तर चालू मशीनमधून उपसूच नका.

लोकेट चालतच नाही. दिवा कसा ओळखू?

जुना उपाय: डिस्क वाचत राहायची म्हणजे तिचा दिवा सलग लुकलुकतो. ‘डीडी आयएफ=स्लॅश डेव्ह स्लॅश एसडीबी ओएफ=स्लॅश डेव्ह स्लॅश नल’. आयएफ म्हणजे जिथून वाचायचं, ओएफ म्हणजे जिथे लिहायचं. ओएफच्या पुढे नलऐवजी दुसऱ्या डिस्कचं नाव पडलं तर पतसंस्थेची खाती गेली. म्हणून ही कमांड मी फोनवर सांगत नाही, स्वतः लॉगिन करून मारतो. डिस्क अगदीच मेली असेल तर उलटं करा: बाकीच्या लुकलुकवा, जी गप्प राहील ती.

सर्व्हर चालू आहे, काम होतंय, मग पीं पीं कशाला?

रेडने एक डिस्क गमावली आहे आणि कार्ड तेवढंच ओरडून सांगतंय. ‘स्लॅश सी० सेट अलार्म=सायलेन्स’ म्हटलं की आताचा आवाज थांबतो. ‘अलार्म=ऑफ’ कधीच करू नका, पुढची डिस्क गेली तर कार्ड मुकं राहील. एका दवाखान्यात रात्रपाळीच्या माणसाने आवाजाला कंटाळून सर्व्हरवर उशी ठेवली होती.

मॉडेल नंबरवरून डिस्क चांगली की साधी हे कळतं का?

बऱ्यापैकी. सीगेट ‘एसटी’ने सुरू होते, पुढचे आकडे क्षमता, आणि त्यानंतरची दोन अक्षरं महत्त्वाची: एनएम म्हणजे सर्व्हरसाठीची, व्हीएन नॅससाठी (नेटवर्कवरून वापरायच्या डिस्कच्या डब्यासाठी), डीएम डेस्कटॉपची, व्हीएक्स सीसीटीव्हीची. आपल्याकडे सर्व्हरमध्ये व्हीएक्स निघणं नवलाचं नाही. दुकानात त्या दिवशी तीच होती. साध्या डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टरवर बराच वेळ अडून बसतात आणि कार्ड कंटाळून त्यांना बाहेर काढतं. ‘स्मार्टसीटीएल डॅश एल एससीटीईआरसी’ मध्ये ७० दिसलं तर ती सात सेकंदांत हार मानते, म्हणजे रेडला चालते. डब्ल्यूडी रेडच्या बाबतीत एक सावधगिरी: २ ते ६ टीबीच्या ईएफएएक्स अक्षरांच्या डिस्क एसएमआर पद्धतीच्या, म्हणजे पट्ट्यावर पट्टा चढवून लिहिणाऱ्या आहेत हे कंपनीने २०२० मध्ये मान्य केलं. रिबिल्डमध्ये त्या फार रडवतात.

बदलीची डिस्क मागवताना दुकानदाराला काय सांगू?

मॉडेल, सॅस की साटा, अडीच इंची की साडेतीन, आणि सेक्टर ५१२ चा की ४०९६ चा. शेवटचं ‘एलएसबीएलके डॅश ओ नेम, फाय-सेक, लॉग-सेक’ने किंवा स्टोरसीएलआयच्या तक्त्यात कळतं. क्षमता जुन्याइतकी किंवा जास्त. थोडीशी कमी असली तरी कार्ड नाकारू शकतं. सॅसच्या जागेत साटा बसते, उलट बसत नाही.

डिस्क सगळ्या ठीक, तरी महिनाभरात सर्व्हर मंदावला.

कार्डाची बॅटरी बघा. ‘स्लॅश सी० स्लॅश बीबीयू शो’, नव्या कार्डांवर ‘स्लॅश सी० स्लॅश सीव्ही शो’. बॅटरी गेली की कार्ड सावध होऊन राइट-बॅक (नोंद आधी कार्डाच्या मेमरीत, डिस्कवर मागाहून) सोडतं आणि राइट-थ्रूवर येतं, म्हणजे प्रत्येक नोंद डिस्कवर पोचेपर्यंत थांबतं. व्हीऑल शोच्या तक्त्यात कॅशच्या रकान्यात डब्ल्यूबीच्या जागी डब्ल्यूटी दिसेल. जबरदस्तीने ‘ऑलवेज राइट-बॅक’ लावायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. वीज जायला आपल्याकडे पावसाचा एक शिंतोडा पुरतो.

‘क्यूईएमयू हार्डडिस्क’ किंवा ‘व्हर्च्युअल डिस्क’ असं दिसतंय.

तुम्ही व्हर्च्युअल मशीनच्या आत आहात. इथून खरी डिस्क दिसणार नाही, खालच्या होस्टवर, म्हणजे खऱ्या मशीनवर जा.

विंडोज सर्व्हरवर?

पॉवरशेलमध्ये ‘गेट-फिजिकलडिस्क’. कार्ड असेल तर पडदा तिथेही तोच, आणि स्टोरसीएलआय, पर्कसीएलआय, एसएसएसीएलआय यांची विंडोजची रूपंही आहेत. डेलचं आयड्रॅक किंवा एचपीचं आयएलओ (सर्व्हर दुरून सांभाळायची सोय) जोडलेलं असेल तर ब्राउझरमध्येही स्लॉटनिहाय सीरियल मिळतात.

हे सगळं कधी करून ठेवावं?

बिघडण्याआधी. मी माझ्या गिऱ्हाइकांना खंडेनवमीचा दिवस लावून दिलाय. त्या दिवशी मागाची, काट्याची, गाडीची पूजा होते, सर्व्हरलाही झेंडू वाहतात. तेव्हाच अर्धा तास बसून एक कागद भरायचा: ‘डीमायडीकोड डॅश टी १’ मधून मशीनचं मॉडेल आणि सीरियल, कार्डाचं नाव आणि ड्रायव्हर, रेड कितवा, आणि प्रत्येक स्लॉटपुढे डिस्कचं मॉडेल, सीरियल, डीआयडी. स्लॉट ० पासून. कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून डब्याच्या बाजूला चिकटवा, एक फोटो माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर. आणि हळदकुंकू डब्यावर वरून वाहा, समोरच्या जाळीत नको.